गायरानाला ‘पडीक’ म्हणणाऱ्यांनी एकदा मेंढरांमागं चालून दाखवावं

कोरडवाहू
काल इथं एकानं निळ्या सोलर प्लेटांच्या रांगांचा फोटो टाकला. खाली ओळ : ‘नापीक माळावर सोनं पिकलं. गावाला फायदा, निसर्गाला फायदा, तोटा कुणालाच नाही.’ शेवटचे तीन शब्द डोक्यात गेले, म्हणून हे लांबण लावतोय.

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेला माझा विरोध नाही. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, वर दरसाल 3 टक्के वाढ. आमच्या बाजरीनं एवढं कधी दिलं नाही. ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं 5-5 लाख. पण हे झालं सातबारावाल्यांचं आणि पंचायतीचं. गायरानावर चरणाऱ्या मेंढरांचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडं मिळतो?

एका मेगावॅटला चार-पाच एकर जातात. आमच्या गावात गायरानाला तारकंपाउंड पडलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतलेल्या मेंढपाळांच्या वाड्यांना उतरायला जागा उरली नाही. कर्नाटकातलं पावगडा सोलर पार्क बघा : 2,050 मेगावॅट, जवळपास 13 हजार एकर, जमीनवाल्याला सुरुवातीला एकरी 21 हजार. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याचं मात्र काम गेलं, भाड्यातला छदाम नाही.

आणि ‘निसर्गाला फायदा’? कुसळी-पवन्या गवताच्या माळावर लांडगा राहतो. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी अशाच माळावरचा. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे कुणी शिकवलं?

निवृत्त_वायरमन
कोरडवाहू, मेंढरांचं दुःख समजलं. आता माणसांचं ऐका. मोटारीची थ्री फेज वीज रात्री यायची तेव्हा फोनवर शिव्या आम्ही खाल्ल्या आहेत. माझे चुलते गव्हाला पाणी धरायला रात्री दोनला गेले. सकाळी बांधावर सापडले. साप. वैजापूरच्या धोंडलगावात 2024 मध्ये याच योजनेतला 3 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, तिथला शेतकरी आता दिवसा मोटार चालू करतो. लांडग्याचं कौतुक पुण्यात बसून करणं सोपं आहे.

कोरडवाहू
मी पुण्यात नाही. हे लिहितोय तेव्हा समोर गोठा आहे.

वैदर्भी
भाऊ, गवतासाठी रडता, आमच्याकडे या. कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी दोरीवरचे कपडे काढताना आधी राख झटकावी लागते. माझ्या आईचा खोकला वीस वर्षांत थांबला नाही. एक मेगावॅट सोलर वर्षाला 15 लाख युनिटच्या आसपास देतं, म्हणजे कोळशाचा ढोबळ हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड वाचतो. तुमच्या दिव्यासाठी आम्ही किती दिवस राख खायची?

थेंबथेंब
सगळे वीज-वीज करताय, पाण्याचं कुणी बोलेना. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, वर दिवसा वीज. मोटार बंद कोण करणार? बोअर आधी 300 फूट, आता 700. आणि कशासाठी? ऊस!

बागायतदार_९६
आला का ऊस! धागा कशाचाही असो, शेवटी पोत्यात आम्हालाच घालायचं. तुमच्या सोसायटीत टँकर किती येतात ते मोजा आधी.

थेंबथेंब
माझी सोसायटी नाही, तीन एकर डाळिंब आहे. ठिबकवर.

बागायतदार_९६
मग डाळिंबावर तेल्या रोग आल्यावर बोलू. उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे. डाळिंबाला व्यापारी सकाळी एक भाव सांगतो, दुपारी दुसरा.

थेंबथेंब
एफआरपी आहे, मिळते कधी? तुमच्याच कारखान्यानं मागच्या हंगामाचे पैसे दिले का?

बागायतदार_९६
कारखान्यावर जाऊ नका. ठिबक मीपण केलंय, दीड एकराला.

निवृत्त_वायरमन
दीड एकराला! बाकीच्या आठ एकरांना काय, दव पडतं?

कोरडवाहू
मंडळी, धागा मेंढरांचा होता.

वैदर्भी
मग मेंढरं प्लेटांखालीच सोडा ना. कोचीन विमानतळावर प्लेटांमध्ये भाज्या पिकवतात. इथं गवत वाढलं की तणनाशक मारतात.

प्लेट_पुसणारा
मी अशाच साइटवर कामाला आहे म्हणून सांगतो. शेळी नको, ती प्लेटेवर चढते आणि वायर चावते. मेंढरू खाली मान घालून चरतं. पण स्ट्रक्चर कमरेइतकं असेल तर मेंढपाळाला वाकून फिरावं लागतं. उंच बांधायला लोखंड जास्त, म्हणून ठेकेदार ऐकत नाही. धूळ बसली की उत्पादन पडतं, ती पुसायला टँकर बोलावतो. पाणी कुठलं, ते थेंबथेंबना सांगत नाही, पुन्हा सुरू होतील. आणि रोजगार म्हणाल तर उभारणीला दीडशे माणसं होती. आता आम्ही सहा जण, त्यातले दोघे राखणदार.

निवृत्त_वायरमन
बरं, कोरडवाहू, तुमचं एवढं मान्य : गायरान देताना ग्रामसभेत मेंढपाळाला कुणी विचारत नाही. चराईचं आणि वाटेचं करारात लिहून घ्या, पंचायतीच्या 5 लाखांतून जनावरांना पाणी प्यायला हाळ बांधा. पण प्रकल्प अडवू नका. चुलत्यांचं नाव घेऊन सांगतो.

कोरडवाहू
अडवतोय कोण? ‘तोटा कुणालाच नाही’ एवढं खोडा म्हणतोय. फोटोवाले दादा तर कालपासून गप्पच आहेत. आणि दिवसा वीज हवी, हेही मान्य. माझी मोटारसुद्धा रात्रीच्याच फीडरवर आहे.

थेंबथेंब
उसाचं उत्तर राहिलं.

निवृत्त_वायरमन
झोपा आता. कोरडवाहूंना दोनला उठायचंय.