उंची ५ फूट ३ इंच: सेकंडहँड रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, हिरो एक्सपल्स की आणखी काही?

दाजीपूरची_वाट

नमस्कार मंडळी,

राहायला कोल्हापूर, उंची ५ फूट ३ इंच, वजन ५५ किलो. सध्या १२५ सीसीची गाडी आहे. रोजचं ऑफिस, बाजारहाट आणि रविवारी आंबा घाट नाहीतर गगनबावडा. आता खराब रस्त्यावर अंग खिळखिळं न करणारी गाडी हवी आहे. राधानगरी-दाजीपूरकडचे रस्ते, पावसाळा संपला की कोकणात उतरणं आणि पुढेमागे स्पीती, एवढी स्वप्नं आहेत. नवीन परवडत नाही. बजेट पावणेदोन लाख, त्यातच कागदपत्रं आणि टायर बसले पाहिजेत.

अडचण उंचीची. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरवर बसून पाहिलं, तर दोन्ही पायांची जेमतेम बोटं टेकतात. एका गाडीवाल्याने तर गाडी स्टँडवरून काढूही दिली नाही, "मॅडम, तुम्ही स्कूटर बघा" म्हणाला. स्कूटर मला नको आहे.

कोणती गाडी बघू? सीट कापून घेतलेली चालते का? लोअरिंग, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडीच खाली घेणं, करावं का? ज्यांची उंची माझ्याएवढी आहे आणि जे स्वतः चालवतात त्यांनी जरूर लिहावं.

घाटमाथा

ताई, मी तुमच्याहून इंचभर कमीच आहे आणि हिमालयन ४११ चालवते, रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा. तेव्हा "झेपणार नाही" हे आधी डोक्यातून काढून टाका.

सगळे सीटच्या उंचीचा आकडा बघतात. तो बघायचाच, पण तिथे थांबायचं नाही. आकडे असे: हिमालयन ४११ ची सीट ८०० मिमी, स्क्रॅम ४११ ची ७९५, येझदी अ‍ॅडव्हेंचरची ८१५, एक्सपल्स २०० ४व्ही ८२५, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस दोन्ही ८३५, आणि तुम्ही बसून पाहिलेली केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ८५५. ही जुनी ३९० बरं का, २०२५ पासूनची नवी बरीच खाली आली आहे, पण ती तुमच्या बजेटमध्ये नाही.

आता स्वतःचं माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. पायाची आतली लांबी ती हीच. तुमच्या उंचीला ती ७३-७४ सेंटिमीटरच्या आसपास येईल. त्यात रायडिंग बुटाच्या सोलचे अडीच-तीन सेंटिमीटर मिळवा. म्हणजे साधारण ७६०-७७० मिमी. हिमालयनवर बसलात की मागचा शॉकअप तुमच्या वजनाने थोडा दबतो. समजा तीनेक सेंटिमीटर दबला, तर ८०० ची सीट ७७० वर येते. कागदावर टाचेपर्यंत पोचलात. प्रत्यक्षात सीटच्या रुंदीमुळे पाय फाकतात आणि तेवढी लांबी वाया जाते, म्हणून टाच न टेकता चवडा टेकतो. चवडे नीट टेकले की बास, टाचेचा हट्ट धरू नका.

रुंदीची गोष्ट यासाठी सांगितली की एक्सपल्सची सीट पुढच्या बाजूला अरुंद आहे. आकडा २५ मिमीने जास्त असूनही कित्येक बुटक्या मंडळींना तिच्यावर पाय पोचवणं फारसं अवघड वाटत नाही. वर वजन बघा: एक्सपल्स ४व्ही १५८ किलो, बीएस६ (नव्या प्रदूषण-नियमांची) हिमालयन १९९ किलो. कलंडायला लागलेली गाडी एका पायावर सावरताना हे ४० किलो जाणवतात. मी तर म्हणेन, आपल्यासारख्यांनी सीटच्या आकड्याच्या आधी वजनाचा आकडा वाचावा.

तुमच्यासाठी या दोनच गाड्या. रोज शहरात आणि वाईट रस्त्यावर जास्त फिरणार असाल तर एक्सपल्स ४व्ही. हायवेने पुणे, तिथून पुढे लांब, सामान लादून, असं असेल तर हिमालयन. तिची टाकी १५ लिटरची, आणि नव्वदच्या वेगाने ती दिवसभर निवांत जाते. एक्सपल्सला तो वेग जमतो, पण १९ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप) इंजिन तिथे ताणल्यासारखं वाटतं.

लाल_माती

मी थोडा वेगळा सूर लावतो. माझी उंची ५ फूट ५ आणि मी ३९० अ‍ॅडव्हेंचरच चालवतो. ४३ पीएसची मजा एकदा घेतली की २४ पीएसवर परत जाववत नाही. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, सीटवर थोडं डावीकडे सरकायचं, सवय होते. तेवढी नको असेल तर २५० अ‍ॅडव्हेंचरचा कमी सीटचा व्ही प्रकार बघा, ८३४ मिमी. बजेटच्या काठावर मिळू शकेल.

घाटमाथा

दादा, एका पायावर थांबायची पद्धत अगदी बरोबर, ती सगळ्यांनीच शिकावी. पण ताईंना पहिली मोठी गाडी घ्यायची आहे आणि कोकणात उतरायचं आहे. जांभ्याच्या खडीवर यू टर्न घेताना डाव्या बाजूला जमीन चार बोटं खोल निघाली की पाय हवेत जातो, आणि मग सवयीचा उपयोग नसतो. चालताना उंची लागतच नाही. लागते ती थांबताना, वळवताना, गाडी मागे ढकलताना. पार्किंगमधून गाडी पायाने मागे घेणं हे रोजचं काम आहे आणि तिथे बोटांवर उभं राहून जोर लागत नाही.

आणि ताई, बघायला जाल तेव्हा हेच करून बघा. घरचे बूट नाही, रायडिंगचेच बूट घालून जा. साइड स्टँडवरून गाडी सरळ करा, न्यूट्रलमध्ये चार पावलं मागे ढकला, मग उतारावर तोंड करून तेच करा. मालक चालवून बघा म्हणेल, तेही करा, पण हे आधी. घाटात हेअरपिनवर थांबायची वेळ आली तर रस्त्याचा उंच भाग कुठल्या बाजूला आहे ते बघून तोच पाय टेकायचा, हे मनात पक्कं करून ठेवा.

दहा_बाराचा_पाना

गॅरेज साताऱ्यात आहे, लोअरिंगची कामं हातून जातात म्हणून लिहितो.

क्रम असा ठेवा. पहिलं प्रीलोड, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते. मागच्या शॉकअपचं प्रीलोड बहुतेक जुन्या गाड्यांवर घट्ट करून ठेवलेलं असतं, कारण आधीचा मालक डबलसीट आणि बॅगा घेऊन फिरलेला असतो. ५५ किलोच्या माणसाखाली तो शॉकअप दबतच नाही आणि गाडी उगाच उंच वाटते. सी स्पॅनरने (सी आकाराच्या पान्याने) सगळ्यात मऊ खाचेवर आणा. फुकट काम आहे.

दुसरं सीट. चांगला सीटवाला फोम वरून सपाट कापत नाही, पुढच्या दोन्ही कडा तासतो. त्यामुळे मांड्या सरळ खाली जातात आणि बसायची गादी शिल्लक राहते. वरूनच इंच-दीड इंच कापलेली सीट शंभर किलोमीटरनंतर बसू देत नाही. आणि मूळ सीट कापू नका, जुनी दुसरी सीट घेऊन तिच्यावर काम करा. गाडी विकताना मूळ सीट लागते.

तिसरं आणि शेवटचं, मागच्या शॉकअपला जोडलेली लिंक बदलून लोअरिंग. हिमालयनला ते होतं. पण मागून इंचभर खाली घेतली तर पुढचे फोर्कही (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमध्ये त्या हिशोबाने वर सरकवावे लागतात, नाहीतर गाडी वळायला जड होते. मग साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने पडते. म्हणून तोही कापून वेल्डिंग करावा लागतो. सेंटर स्टँडला लावायला दुप्पट जोर लागतो. आणि ज्या २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्ससाठी (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) गाडी घेतली तोच कमी होतो. आधीच लोअर केलेली गाडी स्वस्तात मिळाली तर स्टँड आणि फोर्क दोन्ही बघा, पुष्कळदा अर्धंच काम केलेलं असतं.

जुनी हिमालयन बघताना: इंजिनला हात लावा, गरम असेल तर मालकाने तुम्ही येण्याआधी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं ते बघायचं असतं. सेंटर स्टँडला लावून मागे वजन द्या, पुढचं चाक उचलेल. हँडल अलगद डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट (हँडलचे बेअरिंग) गेला. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेलकट लागलं तर ऑईल सील. स्पोक एकेक करून पान्याने हलके वाजवा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघा, दातापासून सुटत असेल तर चेन किटचा खर्च धरा. खाली वाकून बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) बघायला लाजू नका. यातलं बहुतेक एक्सपल्सलाही लागू.

वर्ष निवडता आलं तर बीएस६, म्हणजे २०२० नंतरची हिमालयन घ्या. मागचा एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतो, खडीवर उतरताना बरं पडतं.

दाजीपूरची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माप घेतलं, ७३.५ आलं. सांगलीत एक २०२१ ची हिमालयन बघितली आणि बेळगावात एक एक्सपल्स ४व्ही. हिमालयनवर दोन्ही चवडे टेकले, पण उतारावर मागे ढकलताना दम लागला आणि मनात धाकधूक राहिली. एक्सपल्सवर एक चवडा नीट आणि दुसऱ्याची बोटं, तरीही तिच्यावर मी जास्त मोकळी होते. प्रीलोड खरंच घट्ट होतं! मालकाकडे सी स्पॅनर होता, मऊ केल्यावर फरक लगेच कळला.

मन एक्सपल्सकडे झुकलंय. पण ती केए (कर्नाटक) पासिंग आहे आणि मालक म्हणतो "काही होत नाही, अशीच चालवा". असं करता येतं का?

घाटमाथा

नका करू ताई. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो आणि रोड टॅक्स इथे पुन्हा भरावा लागतो. मालकाला तिकडच्या आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणायला सांगा, तो फॉर्म २८. नाव बदलायला २९ आणि ३०. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर दिसतं. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून थकलेली चलनं बघा. विमा तुमच्या नावावर करायला गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत अर्ज द्यायचा.

टॅक्सची रक्कम आधी आरटीओत विचारून घ्या आणि तेवढी किमतीतून कमी करायला लावा. तो ऐकत नसेल तर एमएच पासिंगची एक्सपल्स शोधा, कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात मिळेल. थोडं थांबावं लागलं तरी चालेल, कारण गाडी कोणती हे तर आता ठरलंच आहे.

दहा_बाराचा_पाना

एक भर. गोव्याकडची किंवा मनालीची स्वस्त हिमालयन कोणी दाखवली तर जुनी नंबर प्लेट काळी होती का ते विचारा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने फिरलेली गाडी. आरसीवर तिची नोंद खाजगी झाली आहे का ते तपासा, आणि झाली असली तरी क्लच आणि कोन सेटचा खर्च धरूनच भाव बोला.

ताई, साताऱ्यात एक्सपल्स मिळाली तर गॅरेजला घेऊन या, मी खालून-वरून बघून देतो. टोकन दिलंत तर पावतीवर इंजिन आणि चॅसिस नंबर लिहून घ्या, आणि उरलेले पैसे सह्या झालेले फॉर्म हातात आल्यावरच.