मदत हवी आहे: टँकर खाली केल्यावर भूमिगत टाकीत पेट्रोल कमी दिसतंय

नमस्कार मंडळी. आमचा तालुक्याच्या रस्त्यावर छोटा पेट्रोल पंप आहे. गेल्या तीन खेपांना १२,००० लिटरचा टँकर खाली केला, की डिपस्टिकवर (टाकीतली पातळी मोजायची पट्टी) साठ-सत्तर लिटर कमी भरतंय.

टँकरच्या प्रत्येक चेंबरचा (कप्प्याचा) डिप, म्हणजे पातळीचं माप, बरोबर येतो. सील शाबूत असतं, १५ अंशांवर काढलेली घनता चलनाशी जुळते. खाली करताना त्या टाकीवरची विक्री बंद ठेवतो आणि पाइप पूर्ण निथळू देतो. पट्टीला पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट लावून आधी-नंतर दोन्हीदा पाहिलं, पाणी नाही. (इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून इथेनॉलच्या पेट्रोलमुळे पावसाळ्यात याची जास्तच धास्ती असते.)

तापमानाचा हिशोबही केला. १२,००० लिटरमागे एका अंशाला साधारण १२ ते १४ लिटर फरक पडतो. पण टाकीतलं जुनं पेट्रोल आणि टँकरमधलं यांत दोन अंशांचंही अंतर नव्हतं.

आता संशय टाकीच्या चार्टवर (पातळीवरून लिटर सांगणारा तक्ता) आहे. टाकी जुनी आहे, एका बाजूला खचली असेल का? चार्ट पुन्हा तपासून घेतलेलं कुणी आहे का? टाकी गळत असेल तर खालच्या विहिरींचं काय, या विचाराने झोप लागत नाही. गळती की चार्ट, आधी काय तपासू?