विषय: पार्ल्याचा फ्लॅट, खिडक्या आणि कर

टॅम्पाहून (फ्लोरिडा, अमेरिका), सोमवार

नमस्कार मंडळी,

मुंबईला परतलेल्या आपल्या सीए काकांना विचारायचंय. पार्ल्याचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, भाड्याने दिलाय. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळात पश्चिमेच्या खिडकीतून पाणी शिरलं, ते आता दर पावसाळ्यात शिरतं. इथं आम्ही 2023 मध्ये वादळात न फुटणाऱ्या काचा बसवल्या तेव्हा फ्लोरिडाने तसल्या खिडक्या-दारांवरचा विक्रीकर माफ केला होता, जुलै 2022 ते जून 2024. शेजाऱ्यांना तर राज्याचं अनुदानही मिळालं, आपला एक डॉलर तर राज्याचे दोन, कमाल 10,000. मुंबईत असं काही आहे का? खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर दोन लाख म्हणतोय, ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल.’

पार्ल्याहून, मंगळवार

अगं, कसली सूट! गळकी खिडकी आणि भक्कम खिडकी, प्राप्तिकराला दोन्ही सारख्याच. भाड्यातून पालिकेचा कर वजा जातो आणि उरलेल्यातून सरसकट 30 टक्के. तू दोन लाख घाल नाहीतर दोन रुपये, आकडा तोच. दुरुस्तीला कर्ज काढलं असतंस, तर त्याचं व्याज भाड्यातून वजा झालं असतं; स्वतः राहात असतीस तर जुन्या करपद्धतीत, वर्षाला 30,000 पर्यंतच. कर्जच नाही, तर तुला तेही नाही.

राहिली एकच वाट. फ्लॅट विकशील तेव्हा सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होतो. दुरुस्तीचा नाही हं, सुधारणेचा. नुसतं रबर बदललं तर दुरुस्ती; जुनी खिडकी काढून जाड लॅमिनेटेड काचेची नवी बसवली तर सुधारणा म्हणता येईल, पण पक्कं बिल हवं.

आता गंमत बघ. दोन लाखांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36,000. विकताना नफ्यावरच्या कराच्या, सेससकट 13 टक्क्यांनी 2,36,000 वर वाचणार 30,680, तेही कधीतरी. म्हणजे फ्लोरिडाने कर सोडला आणि इथं बिल घेणाऱ्याच्या खिशातून पाच हजारांवर जातात. तरी बिल घे. खिडकी निखळली तर त्याला पकडायला काहीतरी हातात हवं.

काल जाऊन बघून आलो. तुझ्या भाडेकरूंनी चहा दिला, चांगली माणसं आहेत. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात ना, ती कुणीतरी ‘गळती बंद’ म्हणून सिलिकॉनने बुजवलीत! काचेवरून उतरलेलं पाणी जाणार कुठे? थेट सोफ्यावर. स्क्रूड्रायव्हरने दोन मोकळी केली, तांब्याभर पाणी ओतलं, भराभरा बाहेर गेलं. पण चौकटही हलतेय. डावीकडचे दोन स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये आहेत, बोटाने फिरतात. तेव्हा खिडकी बदलावी लागेलच, फक्त काचेच्या जाडीआधी ती भिंतीत कशी पकडणार ते विचार.

बोरिवलीहून, मंगळवार रात्री

ताई, सोसायटीला आधी पत्र द्या. ग्रिल बाहेर काढायची असेल तर परवानगीशिवाय हात लावू देणार नाहीत. आणि गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिचे बोल्ट कुणी तपासलेत तेही विचारा. आमच्या शेजारच्या बिल्डिंगचा पत्रा तौक्तेत उडून आमच्या पार्किंगमध्ये पडला होता. खाली गाडी नव्हती, नशीब. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर तो खर्च सोसायटीचा. खिडकी तुमची, भिंत त्यांची, यावर आमच्याकडे दोन सभा गेल्या.

टॅम्पाहून, बुधवार

काका, तांब्याभर पाण्याने दोन लाखांचा प्रश्न निम्मा सोडवलात. बिल घेते. फॅब्रिकेटर शनिवारी माप घ्यायला येतोय, तुम्ही तिथे असाल का? माझं मराठी ऐकून तो ‘मॅडम एनआरआय आहेत’ म्हणून भाव वाढवतो.

पार्ल्याहून, बुधवार

येतो. अकराच्या आत बोलाव, नंतर माझी झोपायची वेळ.