मदत हवी आहे: 'मिसरिप्रेझेंट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मंडळी, एका फ्लॅटच्या करारनाम्याचं भाषांतर करतेय आणि 'मिसरिप्रेझेंट' या क्रियापदापाशी गाडी अडलीय. वाक्य साधारण असं: 'विक्रेत्याने क्षेत्रफळ मिसरिप्रेझेंट केल्यास...' म्हणजे घर ५८० चौरस फूट आणि सांगितलं ६५०.

आधी 'खोटे सांगितल्यास' लिहिलं, मग खोडलं. कारण १८७२च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ कपटाचं आणि १८ मिसरिप्रेझेंटेशनचं, अशी दोन वेगळी कलमं आहेत. १८मध्ये सांगणाऱ्याला आपलं म्हणणं खरंच वाटत असू शकतं, पण तसं छातीठोक सांगण्याइतकी माहिती त्याच्याकडे नसते. 'दिशाभूल'मध्ये मुद्दाम केल्याचा वास येतोच. 'चुकीचे वर्णन' त्यातल्या त्यात बरं, पण फार मिळमिळीत, टायपिंगची चूक असावी तसं!

बोलण्यात मात्र अडचण नाही. कुणी माझं म्हणणं मिसरिप्रेझेंट केलं तर 'विपर्यास केला' हा शब्द चपखल बसतो. पण क्षेत्रफळाचा विपर्यास कसा करणार?

कोर्टाच्या कागदांत रोज वावरणाऱ्यांनी सांगा, प्रत्यक्षात कोणता शब्द वापरता? आणि तो पक्षकाराला वाचून कळतो का? शुक्रवारी मसुदा द्यायचाय.