कुत्रं चुकत नाही, दोर धरणारा चुकतो

कंपूवाले काका
काल इथे एकाने लिहिलं, 'डॉग स्क्वॉड म्हणजे शुद्ध देखावा. कुत्रं घरातून निघतं, रस्त्यापर्यंत जातं, गोल फिरून बसतं. टेकनपूरच्या पोलीस कुत्र्यांच्या शाळेवर खर्च करण्यापेक्षा गल्लोगल्ली सीसीटीव्ही लावा.' बारा वर्षं हातात दोर धरलाय मी. वाचून झोप लागली नाही.

कुत्रं रस्त्यावर थांबतं, कारण चोर तिथून मोटारसायकलवर बसून गेलेला असतो. माणसाच्या अंगावरून मिनिटाला हजारो कण झडतात, ते गवतात, मातीत पडतात. पायाखाली चुरडलेल्या गवताचा वास त्यातच मिसळतो. माग कुठे तुटला हे कळलं, तरच कुठला सीसीटीव्ही बघायचा ते कळतं ना? शिवाय आपल्या ग्वाल्हेरचा मे महिना. डांबर तापलं, लू सुटली की वास टिकत नाही. पहाटे दव असताना तोच माग कितीतरी वेळ टिकतो. पण पथक पोचेपर्यंत अख्खा मोहल्ला त्या खोलीतून फिरून आलेला असतो.

टेकनपूरचं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. तिथे शिकताना एक जवान पहाटे शेतातून दोन-तीन वळणं घेत जायचा आणि शेवटी रुमाल टाकून बसायचा. मागून आम्ही. वळण आलं की माझी कुत्री चार पावलं पुढे जायची, मान वर करायची, दोर ढिला पडायचा. तेव्हा हँडलरनं, म्हणजे दोर धरणाऱ्यानं, नुसतं उभं राहायचं असतं. ती गोल फिरते, नाक पुन्हा जमिनीला लावते आणि दोर ताठ होतो. मी मात्र नकळत खांदा वळवून तिला दिशा दाखवत होतो. उस्तादांनी ते पकडलं आणि माग कुठून गेलाय हे मला सांगणंच बंद केलं. त्या आठवड्यात आमचा एकही माग पुरा झाला नाही. खरं शिक्षण तिथून सुरू झालं. माणसाला शिकवा, कुत्र्याला नावं ठेवू नका.

नयाबाजारची ताई
काका, तुमचा मान राखून सांगते. आमच्या शेजारी दागिन्यांची चोरी झाली. कुत्र्याला कपाटाजवळची ओढणी हुंगवली. ते जिना उतरलं आणि पोळ्या करणाऱ्या बाईंच्या खोलीपुढे बसलं. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन दिवस बसवून ठेवलं. अंगठ्या पुढे घरातल्याच एकाकडे निघाल्या. त्या पोरानं काय करायचं, दवात टिकलेला माग मोजायचा?

कंपूवाले काका
ताई, ओढणी कोणाच्या हाताला लागली होती ते आधी विचारा. बाई रोज घड्या घालत असतील, मुलगा डबा न्यायला येत असेल. कुत्रं दिलेल्या वासामागे गेलं. चोर कोण, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

नयाबाजारची ताई
म्हणजे कुत्रं बरोबर, आणि कोठडीत बसला तो पोरगा!

थाटीपूरचा वकील
कोर्टाचं म्हणणं सांगतो. अब्दुल रझाक दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७० च्या ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहात आहे. कुत्रं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. हँडलर बोलतो ती ऐकीव गोष्ट ठरते, हा आक्षेप तिथे चर्चिला गेला. पुरावा मान्य, पण सहसा त्याला फारसं वजन नाही. २००१ च्या गडे लक्ष्मी मंगराजू प्रकरणातही कुत्र्याच्या मागावर विसंबायला कोर्ट कचरलं. माग तपासाला दिशा देतो, बस्स.

आणि हँडलरबद्दल बोलायचं तर २०११ चा कॅलिफोर्नियातला प्रयोग वाचा. कुत्रं आणि हँडलर अशा १८ जोड्या, शोधायचा वास कुठेच नव्हता, हँडलरना मात्र 'आहे' असं सांगितलेलं. दोनशेहून जास्त खोटे इशारे नोंदले गेले. ती माग काढणारी कुत्री नव्हती, अमली पदार्थ आणि स्फोटकांची होती. पण दोर माणसाच्याच हातात होता.

कारवानप्रेमी
हे सगळं ठीक, पण परदेशी जातीच कशाला? जर्मन शेफर्ड आपल्या उन्हात धापा टाकतो. मुधोळ हाउंड, म्हणजेच कारवान, बघा. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ती जात जपली, जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. आपल्या मातीतलं कुत्रं आपल्याला दिसत नाही!

कंपूवाले काका
मुधोळ नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे. ससा दिसला की नाक जमिनीवरून उठतं. माग काढायला डोकं खाली ठेवणारं कुत्रं लागतं.

कारवानप्रेमी
मग रिया कोण होती? बीएसएफची मुधोळ. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीट या स्पर्धेत, लखनौला, ट्रॅकर म्हणजे माग काढणाऱ्या गटात पहिली. ११६ परदेशी कुत्र्यांना मागे टाकलं. टेकनपूरचीच शिकलेली! एक मुधोळ पाळून बघा, मग बोला. माझ्याकडे तीन आहेत.

थाटीपूरचा वकील
तुम्ही शर्यतीसाठी पाळता. धावणं आणि माग काढणं एक नव्हे.

कारवानप्रेमी
शर्यतीचं नाव काढू नका. माझ्या आजोबांनी कारवान पाळलं ते शेत राखायला. अंधारात शेताच्या बांधावर कोण आला ते भुंकायच्या आधी मान वळवून सांगायचं.

कंपूवाले काका
रिया मान्य. एका कुत्रीवरून अख्खी जात ठरवणार नाही, पण माझं वरचं वाक्य जास्तच ठाम होतं, ते मागे घेतो. मुळात नाकापेक्षा जास्त वेळ हँडलर तयार करायला लागतो, आणि त्याची तीन वर्षांत बंदोबस्ताच्या ड्युटीवर बदली होते. कुत्रं दुसऱ्याच्या हाती. जातीवर भांडताय, याच्यावर कोणी बोलत नाही.

नयाबाजारची ताई
जात गेली बाजूला. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच, काका.

कंपूवाले काका
देतो. ताई, माझ्याही हातून एकदा झालं. मला वाटलं चोर वस्तीकडे गेला, आणि मी दोर त्या बाजूला जरा ओढला. कुत्री माझं ऐकून आली. चुकीच्या दारासमोर आम्ही उभे. आत एक म्हातारी होती, हातात चिमटा तसाच धरून बसली. मी तिला नीट सॉरीसुद्धा म्हणालो नाही. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या त्या पोराला बसवून ठेवणं चूकच होतं. कुत्र्याच्या मागावर कोणाला उचलू नये, आधी त्या घरात रोज कोण येतं-जातं याची यादी करावी. हँडलरनं प्रत्येक मागाची वेळ, हवा, हुंगवलेली वस्तू आणि ती कोणी हाताळली हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. आमच्या पथकात लिहीत नव्हते.

नयाबाजारची ताई
हे आधी लिहिलं असतं तर मी एवढी चिडले नसते. तो मुलगा अजून पोलिसांची जीप दिसली की गल्ली बदलतो.

कारवानप्रेमी
ताई, त्याला माझ्याकडे घेऊन या. पिल्लं झाली आहेत.