स्फोटाची जागा किती वेळ बंद ठेवावी?

वसुधा
मालेगावच्या भिक्कू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जण मारले गेले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. बॉम्ब मोटारसायकलमध्येच ठेवला होता हे सिद्ध झालेले नाही, घटनास्थळाचा नकाशा काढलेला नाही, बोटांचे ठसे घेतलेले नाहीत आणि नमुने दूषित झाल्यामुळे त्यांचे अहवाल निर्णायक मानता येत नाहीत, असे न्यायालयाने नमूद केले. माझे म्हणणे असे की जखमी आणि मृतदेह हलवून झाले की न्यायवैद्यक तज्ज्ञांचे काम पुरे होईपर्यंत ती जागा कोणासाठीही, भेटीला येणाऱ्या मंत्र्यांसाठीसुद्धा, उघडू नये, मग त्याला दोन दिवस लागले तरी चालतील. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००० सालच्या मार्गदर्शिकेत सर्वांत दूर उडालेल्या तुकड्याच्या अंतराच्या दीडपट घेर बंद करण्यास सांगितले आहे. आपल्याकडे मात्र खड्ड्याभोवती दोरी बांधली की बंदोबस्त झाला, असे समजतात. त्यातच रस्ता धुऊन काढण्याची घाई असते. स्फोटकांत वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, म्हणजे बंबाच्या पाण्याबरोबर पुरावा थेट गटारात जातो.

मिलिंद
मालेगावचा निकाल केवळ पंचनाम्यामुळे तसा लागला, असे सुचवणे बरोबर नाही. कटाचा आरोप सिद्ध झाला नाही आणि अनेक साक्षीदार उलटले, हेही त्यात आहे. शिवाय त्या रात्री चौकात संतप्त जमाव होता. अशा वेळी मोजपट्टी घेऊन कोण उभे राहणार? ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या. ते योग्यच झाले. शहर दोन दिवस बंद पडावे हाच तर स्फोट घडवणाऱ्यांचा हेतू असतो.
तपास खड्ड्यातून सुटतो, हेही नेहमीच खरे नसते. १२ मार्च १९९३च्या स्फोटांनंतर वरळीत सोडून दिलेली मारुती व्हॅन सापडली आणि तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले.

वसुधा
ती व्हॅन जागेवर, आतल्या शस्त्रांसकट सापडली, म्हणूनच नोंदणी उपयोगी पडली. आधी कोणी ती हलवून रिकामी केली असती तर? रेल्वेचे उदाहरणही माझ्याच बाजूचे आहे, कारण तिथे डबा हेच घटनास्थळ. तो यार्डात नेऊन बंद ठेवता येतो आणि मार्ग मोकळा करता येतो. चौकाला ती सोय नाही.

अरुंधती
दोघांचाही भर वेळेवर आहे, माझा नोंदींवर आहे. बॉम्बशोधक पथकातील माणसे रोज स्फोटके हाताळतात. त्यांच्या हातमोज्यांना आणि बुटांना कण चिकटलेले असू शकतात. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत तुलनेसाठी न वापरलेल्या कापसाच्या बोळ्याचा आणि लांबच्या, स्फोटाचा स्पर्श न झालेल्या मातीचा नमुना घ्यावा लागतो. तो नसेल तर जागा आठवडाभर बंद ठेवूनही प्रयोगशाळेत सापडलेल्या आरडीएक्सचा उगम सांगता येत नाही. २००६च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता केली (तो निकाल पूर्वदाखला मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने नंतर सांगितले), तेव्हा जप्त मुद्देमालाचे सील आणि ताबा प्रयोगशाळेत जाईपर्यंत नीट होता हे सिद्ध झाले नाही, यावरही बोट ठेवले होते. चूक रस्त्यावर झाली असेल किंवा मुद्देमालाच्या खोलीत, बचाव पक्षाचा वकील दोन्ही ठिकाणी तितक्याच सहजतेने पोहोचतो.

मिलिंद
हे मान्य. परंतु हा नमुना घ्यायला माणूस कुठे आहे? १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा दिलेली आहे. तोवर तालुक्याच्या गावी तज्ज्ञ येण्याची वाट पाहत चौक बंद ठेवायचा, आणि तिथल्या दुकानदारांनी त्या दिवसांचे नुकसान कोणाकडे मागायचे, हे वसुधाताईंनी सांगावे.

वसुधा
सरकारकडे. रस्त्याच्या रुंदीकरणात दुकान गेले तर मोबदला देता येतो, तर दोन दिवसांच्या गल्ल्याचा का देता येऊ नये?