जुन्या सॉफ्टवेअरमधले पेशंटचे रेकॉर्ड नंतर 'खरे' ठरतील असे कसे ठेवायचे?

रेकॉर्डरूम_ठाणे
नमस्कार मंडळी. ठाण्यात एका सरकारी हॉस्पिटलच्या एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) आहे, नाव नको. आमचं जुनं सॉफ्टवेअर बंद होऊन नवीन येतंय आणि व्हेंडर म्हणतोय सगळ्या डिस्चार्ज कार्डांच्या पीडीएफ काढून हार्डडिस्कवर देतो, विषय संपला. साहेबही खूश. माझं डोकं मात्र एमएलसीत (पोलीस-कोर्टात जाऊ शकणाऱ्या केसेसमध्ये) अडकलंय. मारामारी, अपघात, जळीत, यांचं समन्स कधी कधी इतक्या वर्षांनी येतं की ज्या डॉक्टरने तपासलं तो बदली होऊन कुठे गेला तेही माहीत नसतं, पण कागदाचा केसपेपर असला की अक्षर, शाई, खाडाखोडीवरची सही सगळं समोर दिसतं. पीडीएफ घेऊन उभं राहिलो आणि वकिलाने विचारलं की ही नंतर कोणी बदलली नाही कशावरून, तर काय सांगायचं? की सरळ प्रिंट मारून गठ्ठे बांधू?

घोडबंदर_लेन
आभाला (सरकारी हेल्थ आयडी) लिंक केलंय ना सगळ्यांना? मग वर सरकारकडे सेव्ह असेलच की, कशाला टेन्शन घेता.

ऐरोलीचा_डीबीए
@घोडबंदर नाही हो, तसं नसतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये (२०२१ पासून देशभर) रेकॉर्ड जिथे तयार झालं तिथेच राहतं, आभा नंबर फक्त ते शोधून पेशंटच्या संमतीने दाखवायला. हॉस्पिटलने सर्व्हर पुसला की लिंक राहील, मागे काही नसेल.

@रेकॉर्डरूम गठ्ठे नका बांधू, पण नुसत्या पीडीएफवरही सही करू नका. पीडीएफमध्ये शेवटी जे उरलं तेवढंच दिसतं. नोंद आधी कोणी केली, कोणत्या लॉगिनने, नंतर कोणी बदलली, हे सगळं ऑडिट टेबलमध्ये असतं आणि तुमच्या खाडाखोडीवरच्या सहीच्या जागी आता तेच आहे. ते नाही आलं तर तुमच्याकडे नुसता मजकूर आला, रेकॉर्ड नाही.

अजून एक, मास्टर टेबलं मागा. डेटाबेसमध्ये वॉर्ड, डॉक्टर, औषध हे बहुतेक वेळा नंबरने असतं, वॉर्ड १४ म्हणजे बर्न्स की मेडिसिन हे सांगणारं टेबल जुन्या सर्व्हरबरोबर गेलं की बसा अंदाज बांधत. वेळेचं पण बघा. बऱ्याच सिस्टिम वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि एक्स्पोर्ट करणाऱ्याने ती तशीच छापली तर रात्री २.१० ला आणलेला पेशंट कागदावर आदल्या दिवशी रात्री ८.४० ला दाखल दिसतो. एमएलसीत हे झालं तर वकिलाला आयतं कोलीत! आणि जुनी मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता कचरा दिसेल, म्हणून पीडीएफ घ्यायचीच तर पीडीएफ/ए घ्या, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असतो. एक्सरे, सीटी डायकॉममध्येच (मेडिकल इमेजचा फॉरमॅट) ठेवा, जेपीजी करू देऊ नका, पेशंटचा आयडी, तारीख, मशीनची माहिती त्याच फाइलमध्ये असते ती जाते.

सानपाडा_वकील
कोर्टाचं मी सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या ६५ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या सर्टिफिकेटचे दोन भाग, अ रेकॉर्ड हजर करणाऱ्याचा, ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा ठसा समजा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. पण तो ठसा समन्स आल्यावर काढलात तर एवढंच कळतं की फाइल आज अशी आहे. हस्तांतराच्या दिवशीच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढा, यादी छापा, व्हेंडर आणि तुमचा अधिकारी दोघांच्या सह्या घ्या, ती यादी डिस्कपासून वेगळी ठेवा. डिजिटल सह्या असतील तर त्याही आत्ताच तपासून निकाल नोंदवा, सहीचं सर्टिफिकेट साधारण १ ते ३ वर्षांत संपतं, नंतर तपासायला गेलात तर डोकेदुखी.

'३ वर्षं ठेवलं की झालं' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तो मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमातला किमान कालावधी. २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड) स्टँडर्डमध्ये माणूस हयात असेपर्यंत नष्ट करू नका असं आहे.

रेकॉर्डरूम_ठाणे
बाप रे, धन्यवाद दोघांना. वेळेचं लगेच बघितलं, सॅम्पल पीडीएफमध्ये खरंच साडेपाच तासांचा फरक आहे. व्हेंडरला फोनवर ऑडिट टेबल मागितलं तर म्हणतो ते सिस्टिमचं अंतर्गत असतं, काँट्रॅक्टमध्ये नाही.

ऐरोलीचा_डीबीए
फोनवर नका बोलू. पत्र द्या, आवक-जावक नंबर टाकून. त्याचं शेवटचं बिल निघालंय का अजून?

रेकॉर्डरूम_ठाणे
नाही, साहेबांच्या टेबलावरच आहे.

सानपाडा_वकील
मग राहू द्या तिथेच. ऑडिट टेबल, मास्टर टेबलं आणि सह्या केलेली हॅशची यादी मिळेपर्यंत काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही.